वीतभर हाक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचा मोती तळोद्याच्या गल्लीतून नाहीसा झाला. कुणीतरी सुतळी बाँब लावला, आणि पट्ट्यातून मान सोडवून तो जो पळाला तो दिसेनासाच झाला. तळोदा ही आमची सासुरवाडी. मोती शहरात वाढलेला, त्याला ना इथल्या वाटा ठाऊक, ना सातपुड्याच्या पायथ्याचे रान.

रात्री कंदील आणि विजेऱ्या घेऊन पुष्कळ शोधले. परत आलो तर धाकटी ओट्यावर बसलेली. म्हणाली, "बाबा, मोतीच्या मानेत चिप आहे ना? हरवला तरी सापडेल, असं तुम्हीच म्हणाला होता. मग मोबाइलवर बघा ना कुठे आहे तो."

वाचकहो, मी खरेच तसे म्हणालो होतो. चिप बसवली तेव्हा तिचे काम नक्की काय, हे विचारण्याची तसदी मात्र घेतली नव्हती. आमचे मेव्हणे शाळेत विज्ञान शिकवतात. ते हळूच म्हणाले, "दाजी, ती चिप ओरडत नाही. विचारलं तरच बोलते, आणि तेही अगदी कानाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे एक स्नेही आले. ते गुरांचे डॉक्टर. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे त्यांची नेहमी ये-जा. चिप वाचण्याचे यंत्र त्यांच्या बॅगेत होते आणि तांदळाच्या दाण्याएवढी नमुन्याची एक चिपही. त्यांनी चिप पाटावर ठेवली आणि यंत्र जवळ नेले. टिक्! पंधरा आकडी नंबर उमटला. यंत्र वीतभर मागे घेतले तर काहीच नाही. मध्ये पाण्याची पिशवी धरली तरी यंत्र बोलले. पितळी ताट आडवे धरताच मुके झाले.

"इतकंच?" धाकटीने विचारले. तिचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मेव्हण्यांनी मग पाटी-पेन्सिल घेतली. चिपेत बॅटरी नसते. यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला 1,34,200 वेळा उलटसुलट होणारी वीज फिरते, तिच्याभोवती चुंबकी क्षेत्र तयार होते, आणि चिपेतले इवलेसे वेटोळे त्यातूनच आपला घास घेऊन उत्तर देते. आता ही चुंबकी हाक इतक्या लवकर का विरते? वेटोळ्याच्या एका बाजूने वीज वर चढते, समोरच्या बाजूने खाली उतरते. तुम्ही जवळ असाल तर एक बाजू जास्त जवळ पडते. लांब जाल तसतशा दोन्ही बाजू सारख्याच दूर वाटू लागतात आणि एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात. म्हणून अंतर दुप्पट झाले की जोर निम्मा नव्हे, आठवा हिस्सा राहतो. चौपटीला चौसष्टावा. दहापट अंतराला हजारावा. शिवाय चिपेचे उत्तर परत येताना त्याचीही हीच गत.

सासरे आतापर्यंत ऐकत होते. म्हणाले, "मग आमच्या रेडिओवर मुंबई कशी लागायची? तीनशे किलोमीटर तरी असेल की!"

प्रश्न बिनतोड होता. मुंबई केंद्र 558 किलोहर्ट्झवर लागायचे, लाट सुमारे 538 मीटर लांब. लाटेच्या लांबीचा साधारण सहावा हिस्सा हा तिचा जवळचा मुलूख, म्हणजे इथे सुमारे 86 मीटर. तेवढे अंतर ओलांडले की लाट तारेपासून सुटते आणि स्वतंत्रपणे चालू लागते. मग अंतर दुप्पट तर जोर निम्मा, एवढाच तोटा. वाटेत जमीन काही खाते ते वेगळे.

इथे मी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला आणि तोंडघशी पडलो. चिपेची लाट सव्वादोन किलोमीटरची, तिचा जवळचा मुलूख साडेतीनशे मीटर. 10 किलोहर्ट्झ घेतले तर लाट 30 किलोमीटरची, तळोद्याहून थेट नंदुरबार ओलांडून जाणारी, आणि मुलूख पावणेपाच किलोमीटरचा. मुलूख मोठा, म्हणजे हाकही लांब पोचणार? "उलट आहे, दाजी. मुलूख जितका मोठा तितका वेळ आठव्या हिश्श्याचाच कायदा चालतो. लाट सुटायच्या आधीच हाक संपते."

हे एका साहेबाला फार महागात पडले होते. विल्यम प्रीस हे ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य इंजिनिअर. 1892 साली त्यांनी ब्रिस्टलच्या खाडीत लॅव्हरनॉकच्या किनाऱ्यावर किलोमीटरभराहून लांब तार ताणली, समोरच्या फ्लॅट होम बेटावर दुसरी, आणि मधल्या पाण्यावरून पाचेक किलोमीटर संदेश नेला. पण जितके अंतर गाठायचे तितक्याच प्रमाणात तार वाढवायची, अशी ती तऱ्हा. बेटावर तेवढी जागा तरी असायला हवी! 1897 च्या मे महिन्यात त्याच किनाऱ्यावर मार्कोनीने सुटी लाट पाठवून दाखवली, आणि तीही प्रीस यांच्याच पाठिंब्याने. हा माणूस मला फार आवडला.

मंद कंपनांच्या लाटेलाही सुटे करता येते, पण त्यासाठी अजस्र मनोरे लागतात. तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात आरमाराचे आयएनएस कट्टबोम्मन हे ठाणे 1990 पासून तेच करते, कारण खाऱ्या पाण्याखालच्या पाणबुडीपर्यंत काही मीटर का होईना, पण अशीच लाट उतरते. मोतीच्या मानेत मनोरा कुठून येणार?

तेव्हा पायच कामाला लावले. भाऊबीजेच्या दुपारी, पायथ्याच्या एका पाड्यावरून निरोप आला. गेलो तर मोती एका घराच्या ओसरीवर, अंगभर गोचीड, भाकरी खात बसलेला. अंग चिखलाने इतके माखलेले की मलाच शंका आली. घरधनीण म्हणाली, "तुमचाच कशावरून?" बाईने दोन दिवस त्याला जेवू घातले होते, तिचा प्रश्न रास्त होता. डॉक्टरांनी यंत्र त्याच्या मानेला अगदी भिडवले. पंधरा आकडे उमटले आणि धाकटीने ते आमच्या कागदावरून एकेक करून मोठ्याने वाचले.

परतताना तळोद्याच्या बाजारात आम्ही पितळेचा बिल्ला घेतला. त्यावर माझा टेलिफोन नंबर कोरून घेतला, आणि धाकटीने अक्षरे आणखी मोठी करायला लावली.