रेडीकरांनो, डोळे कुठे दाखवाल?
रेडीच्या किनाऱ्यावर ऊन, वारा आणि वाळूचा मारा वर्षानुवर्षे सोसलेल्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसल पापुद्रा सरकू लागतो. रापणीवरच्या मच्छीमारांनी टोपी आणि गॉगल वापरावाच. मोतीबिंदूत नजर धुरकट होते. शस्त्रक्रियेने ती बहुधा परत मिळते, आणि १९७६पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. काचबिंदू मात्र फसवा. तो बहुतेकदा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून दवाखाना निवडताना विचारा: डोळ्याचा दाब मोजता का? थेंब घालून आतला पडदा बघता का? नुसता चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे तपासणी नव्हे. चाळिशी ओलांडली असेल किंवा मधुमेह असेल, तर स्वच्छ दिसत असले तरी ही तपासणी करून घ्या.