प्रपाताचा आडोसा

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, त्रेपन्नाव्या रस्त्यावर, जेथे पूर्वी ‘स्टॉर्क क्लब’ या नावाचे धनिकांचे रात्रविहाराचे स्थान होते, त्याच सुमारे ४२ फूट रुंद व १०० फूट खोल जागेवर विल्यम पेली यांनी पित्याच्या स्मरणार्थ स्वखर्चाने करविलेले आणि रॉबर्ट झायन यांच्या संस्थेने आखलेले ‘पेली पार्क’ १९६७ साली लोकांस खुले झाले. चार पायऱ्या चढून आत यावे, तो समोरच्या भिंतीवरून २० फुटांचा प्रपात मिनिटास १,८०० गॅलन पाणी ओतीत असतो.

गंमत अशी की, येथे गोंगाट घटत नाहीच. विल्यम व्हाइट या नगरनिरीक्षकांच्या नोंदीनुसार पाण्याजवळ ध्वनीची पातळी सुमारे ७५ डेसिबल, म्हणजे बाहेरच्या रस्त्याहून चढीच भरते. परंतु तो नाद अखंड आणि नाना कंपनसंख्यांनी भरलेला असल्यामुळे मोटारींची घरघर व अवचित उठणारे भोंगे त्यात बुडून जातात, आणि शेजारच्या मेजावरचे खासगी बोलणेही कानी पडत नाही. ध्वनिशास्त्रात यास आच्छादन म्हणतात. बाजूच्या भिंतींवरील वेली रस्त्याचा आवाज अडवितात, ही समजूत मात्र भाबडी; त्या डोळ्यांस सुखवितात एवढेच. आवाज खरोखर अडवावयाचा तर मातीचा उंच बांध किंवा भरीव भिंतच हवी.

हे आच्छादन पाणी वाहते तोवरच टिकते; म्हणून आपल्याकडे उद्यानातील कारंज्यास मंजुरी देणाऱ्या नगरपालिकांनी पंप दिवसभर चालू राहील, एवढी तजवीज अंदाजपत्रकातच करून ठेवावी.