घोड्याचा दात आणि टेकडीचे वय

अंबाला-चंडीगढ रस्त्यावर, घग्गर नदीच्या जवळ डेराबस्सी वसले आहे. तेथून नदीच्या उगमाच्या दिशेने वर गेले, म्हणजे शिवालिकच्या बुटक्या टेकड्या लागतात. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपासून आणून टाकलेल्या चिखलाचे, वाळूचे व गोट्यांचे थर त्यांत एकावर एक रचलेले आहेत. पुढे भूकवचाच्या रेट्याने ते उचलले गेले आणि तिरपे झाले.

अशी एक टेकडी पिंजोरला, तर दुसरी शेकडो किलोमीटर दूर, पाकिस्तानातील पोटवार पठारावर. या दोहोंतील अमुक दोन थर समकालीन आहेत, हे वाचकहो, कशावरून ठरवावे? रंग तर फसवा. तांबडी माती कोणत्याही युगात साचते. आणि एकाच पुरात नदी एकीकडे वाळू टाकते, दुसरीकडे चिखल.

हाच पेच इंग्लंडात डेव्हन परगण्यात पडला होता. तेथील खडक दिसायला अतिप्राचीन. पण त्यांतील प्रवाळ लॉन्सडेल यांनी पारखले, तेव्हा ते मधल्या काळातले निघाले. त्या आधारे सेजविक व मर्चिसन यांनी १८३९ मध्ये ‘डेव्होनियन’ हा कालखंड मांडला. त्याच काळी इतरत्र तांबडा वालुकाश्म साचत होता. दोहोंच्या रूपात साम्य मुळीच नाही!

शिवालिकमध्ये प्रवाळांचे काम सस्तन प्राण्यांनी केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी १९१३ मध्ये त्यांच्या हाडांवरून येथील थरांची युरोपातील थरांशी सांगड घातली. त्यांच्या क्रमात पिंजोर थराखाली तात्रोट थर येतो. ते गाव आज पाकिस्तानात आहे. तात्रोटमध्ये तीन बोटांचा हिपॅरिऑन सापडतो, पिंजोरमध्ये एका खुराचा खरा घोडा. उत्तर अमेरिकेत उत्पन्न झालेला हा घोडा आशियात इतक्या झपाट्याने पसरला, की भूशास्त्राच्या हिशेबी तो सर्वत्र एकदमच अवतरला. पुढे चुंबकत्वाचीही साक्ष मिळाली. गाळातील लोहकण साचताना पृथ्वीच्या चुंबकीय दिशेनुसार बसतात, आणि ही दिशा अधूनमधून उलटते. सुमारे २५ लाख ८० हजार वर्षांपूर्वी ती अशीच उलटली. आपल्याकडील घोड्याचे आगमनही त्याच सुमाराचे.

मात्र हाड कोणत्या थरातले, हे ठाऊक हवे. फाल्कनर आणि कॉटली (गंगेच्या कालव्याचे तेच) यांनी १८३० नंतर शिवालिकमधून विपुल हाडे जमविली. लंडनच्या भूशास्त्र संस्थेने १८३७ मध्ये त्यांना वोलॅस्टन पदक दिले. पण त्यांतील पुष्कळ हाडांच्या थराची नेमकी नोंदच झाली नाही. संग्रहालयाच्या कपाटात ती सुरक्षित आहेत, आणि काळाच्या प्रश्नावर मुकी आहेत.

तेव्हा पावसाळ्यानंतर एखाद्या उतारावर दात किंवा हाड थरातून डोकावताना आपणांस दिसले, तर ते उपटून घेऊ नका. जागा टिपा, वरचा व खालचा थर कसा आहे ते लिहा, छायाचित्र घ्या आणि चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील भूशास्त्र विभागाला कळवा.