स्थिरविद्युत लाउडस्पीकर : ॲम्प्लिफायर कोणता, तार कोणती?

आपल्या घरांतील लाउडस्पीकर बहुधा एकाच जातीचा असतो. लाकडी पेटी, तिच्यात चुंबक, चुंबकाच्या फटीत हलणारे तांब्याचे वेटोळे व त्याला चिकटविलेला शंकू. स्थिरविद्युत लाउडस्पीकरमध्ये यातले काहीच नसते. दोन सच्छिद्र विद्युतपट्टांच्या मधोमध केसाहूनही कितीतरी पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसविलेला असतो व त्या पडद्यावर हजारो व्होल्टचा विद्युतभार कायम ठेवलेला असतो. संगीताचा विद्युतसंकेत रोहित्रातून वाढवून पट्टांवर आला की एक पट्ट पडद्यास ओढतो, दुसरा ढकलतो. पडद्यास वजन जवळजवळ नाहीच. त्यामुळे तो तत्काळ हलतो आणि तत्काळ थांबतो. तानपुऱ्याची जवारी, गायकाच्या श्वासाची चाहूल, सारंगीवरील गजाचे घर्षण या गोष्टी अशा लाउडस्पीकरवर ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना त्या पुन्हा पेटीतून ऐकताना चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

या जातीतील सर्वांत नामांकित लाउडस्पीकर इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे तयार झाला. पीटर वॉकर यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या, पुढे 'क्वाड' या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने तो १९५७ मध्ये बाजारात आणला आणि १९८५ पर्यंत त्याचे उत्पादन चालू ठेवले. एखाद्या घरगुती उपकरणास अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य लाभणे ही सामान्य बाब नव्हे. १९८१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ 'ईएसएल-६३' आला. त्यावरील संशोधन १९६३ मध्ये सुरू झाले होते, म्हणून नावात ६३. जुने मॉडेल संग्राहकांमध्ये '५७' म्हणूनच ओळखले जाते. त्याच्या जोड्या आजही हातोहात विकल्या जातात, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

आमच्या शाखेचे एक खातेदार, निवृत्त प्राध्यापक, यांनी निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून '५७'ची एक जोडी मोठ्या हौसेने खरेदी केली. लाउडस्पीकर जुना असल्याने त्याला जोर लागेल, असे एका दुकानदाराने सांगितल्यावरून त्यांनी २०० वॅटचा नवा ॲम्प्लिफायर जोडला. काही आठवडे सारे सुरळीत चालले. एके सायंकाळी द्रुत लयीतील तबल्यावर 'चट्' असा आवाज झाला, खोलीत ओझोनचा उग्र वास पसरला आणि एका बाजूचा मधला पट्टा मुका झाला. दुरुस्तीसाठी पटल परदेशी पाठवायचे म्हणून ते मुदत ठेव मोडावयास आले, तेव्हा ही हकिकत आम्हाला कळली.

गणित अगदी शालेय आहे. '५७' ला ३३ व्होल्टपेक्षा अधिक शिखर-व्होल्टता देऊ नये, अशी मर्यादा आहे. ८ ओहमवर २०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर ५६ व्होल्टच्या शिखरापर्यंत सहज जातो. १०० वॅटचाही ४० पर्यंत पोहोचतो. पडद्यावर आधीच मंद्र पट्ट्यांत ६,००० व तार पट्ट्यात १,५०० व्होल्ट असतात. त्यावर हा भार आला की हवा विद्युतरोधक राहत नाही, ठिणगी पडते व पडद्यास भोक पडते. याउलट त्याच कंपनीचा १९६७ चा '३०३' हा ४५ वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर ८ ओहमवर सुमारे २७ व्होल्टवर थांबतो. त्याआधीचा, १९५३ चा 'क्वाड टू' हा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तर अवघा १५ वॅटचा. ही जोडी जुळते ती कंपनी एक म्हणून नव्हे, मर्यादा जुळते म्हणून. १९७५ मध्ये त्याच कंपनीचा १०० वॅटचा '४०५' आला, तेव्हा '५७' बरोबर वापरताना त्यालाही लगाम घालणारे मंडल बसवावे लागे. घरचाच ॲम्प्लिफायर असून!

वॅटचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतोच. विद्युतदृष्ट्या हा लाउडस्पीकर म्हणजे एक धारित्र आहे. धारित्राचा स्वभाव असा की, कंपनसंख्या दुप्पट झाली की त्याचा अडथळा निम्मा होतो. २ मायक्रोफॅरडचे धारित्र १,००० हर्ट्झला ८० ओहमचा अडथळा करते, २०,००० हर्ट्झला केवळ ४ ओहमचा. '५७' चा अडथळा मंद्र भागात १५ ओहम व त्याहूनही वर असतो. अतितार टोकाला मात्र तो २ ओहमच्याही खाली येतो. माहितीपत्रकातील एकच आकडा पाहून खरेदी करणाऱ्यास हे कळत नाही. दिलासा एवढाच की, संगीतात त्या टोकाला ऊर्जा फारच थोडी असते.

शिवाय धारित्र शक्ती खर्च करीत नाही, घेतलेली परत करते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दिवसभर प्रचंड उलाढाल, सायंकाळी शिल्लक शून्य. काउंटरवरील रोखपालास मात्र पूर्ण ताण. येथे तो रोखपाल म्हणजे ॲम्प्लिफायरचे शेवटचे ट्रान्झिस्टर. परतीच्या प्रवाहाची उष्णता त्यांनाच सोसावी लागते. काही ॲम्प्लिफायरांचे संरक्षक मंडल अशा वेळी गैरसमजाने मध्ये पडते व आवाज खरखरतो. काही तर ऐकू न येणाऱ्या कंपनसंख्येवर स्वतःच थरथरू लागतात. म्हणूनच चांगले निर्माते ८ ओहमच्या रोधाला समांतर २ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडून यंत्राची परीक्षा घेतात. विक्रेत्यास वॅट विचारण्याआधी या परीक्षेबद्दल विचारावे. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर या बाबतीत पुष्कळदा सोशिक असतात, परंतु त्यांचा अंतर्गत रोध जास्त असल्यास तार स्वर मंदावतात. काही श्रोत्यांना तोच मऊपणा आवडतो. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकी नाही.

आता तारेविषयी, कारण खिशाला सर्वांत मोठी कात्री येथे लागते. सोन्याच्या टोकांच्या, रेशमी वेष्टनाच्या तारा लाउडस्पीकरच्याच भावाने विकल्या जातात. मोजण्यासारख्या गोष्टी मात्र तीनच : रोध, प्रवर्तन व धारिता. घरातील १५ अँपिअरच्या जोडणीला साधारणतः लागणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. २ ओहमपुढेही तो किरकोळच. ०.७५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तो ०.२३ ओहम होतो व टोकाच्या स्वरांत फरक पडू शकतो.

प्रवर्तनाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तेवढ्याच पाच मीटर जोडतारेत ते साधारण ३ मायक्रोहेन्री असते, आणि २०,००० हर्ट्झला त्याचा अडथळा ०.४ ओहमच्या घरात जातो, म्हणजे जाड तारेच्या रोधाच्या पाचपट. पेटीच्या लाउडस्पीकरला याचे काही वाटत नाही. २ ओहमच्या धारित्राला वाटते. तार जाड करून प्रवर्तन फारसे कमी होत नाही. दोन्ही पदर एकमेकांस चिकटून अथवा पीळ देऊन नेले आणि लांबी कमी ठेवली तर होते. उरलेल्या तारेचे वेटोळे करून कपाटामागे टाकू नये. ॲम्प्लिफायर लाउडस्पीकरजवळ ठेवावा. लांब तार न्यायचीच असल्यास ती प्री-ॲम्प्लिफायर व पॉवर ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये न्यावी.

प्रवर्तन कमी करण्यासाठी अनेक पदरांच्या विणलेल्या तारा मिळतात. त्यांची धारिता साध्या तारेच्या अनेकपट असते. लाउडस्पीकरच्या मानाने तीही नगण्य, पण ती ॲम्प्लिफायरच्या अगदी दाराशी येऊन बसते, आणि ज्या यंत्रात बाहेर पडताना छोटे संरक्षक वेटोळे नसेल ते अशा तारेने अस्थिर होऊ शकते. महागडी तार जोडल्यावर ॲम्प्लिफायर विनाकारण तापू लागला, तर तार काढून पाहावी.

अमेरिकेतील 'मार्टिन-लोगन' सारख्या कंपन्यांनी मंद्र स्वरांसाठी नेहमीचा शंकू व वरच्या स्वरांसाठी स्थिरविद्युत पडदा अशी मिश्र जात रूढ केली. तेथे व्होल्टची धास्ती बरीच कमी आहे. पण काही मॉडेलांचा अडथळा २०,००० हर्ट्झला १ ओहमच्या आसपास उतरतो. त्यामुळे तारेचा हिशेब त्यांना अधिकच काटेकोर लागतो.

मुंबई, गोवा, चेन्नई यांसारख्या किनाऱ्यावरील ठिकाणी आणखी एक पथ्य पाळावे लागते. पावसाळी दमटपणात पटलांवरील भार झिरपतो, आवाज क्षीण होतो, बारीक करकर ऐकू येते. विद्युतभारित पडदा धूळही ओढून घेतो. खोली कोरडी ठेवावी, झाकणाचे कापड फाटू देऊ नये, विजांचा कडकडाट असताना प्लग काढून ठेवावा. आणि मागची जाळी घरी उघडू नये : प्लग काढल्यानंतरही बराच काळ आत हजारो व्होल्ट शिल्लक असतात.