ऑर्किड तहानेने नव्हे, पाण्याने मरते

लग्न, वलीमा, नव्या घराचा प्रवेश, ईदची भेट अशा प्रसंगी आता मिठाईच्या डब्याबरोबर ऑर्किडची कुंडी हातात येऊ लागली आहे. पांढऱ्या किंवा जांभळ्या फुलांची कमान, खाली चार-पाच जाड हिरवी पाने आणि चकचकीत चिनी मातीची कुंडी. फुले दोन-अडीच महिने टिकतात. ती गळाली की पाने हळूहळू सैल पडतात, सुरकुततात. घरातल्या प्रत्येकाला वाटते, बिचारे तहानले आहे. अम्मी सकाळी पाणी घालते, सूनबाई दुपारी घालते, मुले शाळेतून आल्यावर बाटलीत उरलेले ओततात. महिन्याभरात झाड कचऱ्याच्या डब्यात जाते आणि त्यासोबत एक समजूतही पक्की होते: ‘हे झाड आपल्याकडे जगत नाही.’

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की टाकून दिलेल्या अशा कित्येक कुंड्यांमध्ये झाड अजून जिवंत असते. त्याची मुळे गुदमरलेली असतात. ती वेळीच मोकळी केली, तर झाड पुन्हा उभे राहू शकते.

हे झाड मातीत वाढत नाही

बाजारात सर्वांत जास्त मिळणाऱ्या या ऑर्किडचे नाव फॅलेनॉप्सिस. नावाचा अर्थ पतंगासारखे दिसणारे. त्याचे मूळ घर इंडोनेशिया, फिलिपाइन्स, मलेशिया या भागांतली दमट जंगले. त्यातल्या एका पांढऱ्या जातीला इंडोनेशियात ‘अंग्रेक बुलान’, म्हणजे चंद्र-ऑर्किड म्हणतात आणि १९९३ पासून ते त्या देशाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे.

तिथे ते जमिनीत उगवत नाही. झाडाच्या खोडाला मुळांनी धरून राहते. आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात आंब्या-फणसाच्या फांदीवरून लोंबणारी ‘सीतेची वेणी’ अनेकांनी पाहिली असेल. तीही ऑर्किडच. काही लोक तिला बांडगूळ समजून तोडतात. बांडगूळ झाडाचा रस शोषते, ऑर्किड फक्त आधार घेते. त्याची मुळे उघड्या हवेत असतात. पाऊस पडला की ती भिजतात आणि वारा आला की सुकतात.

या मुळांवर स्पंजासारखे एक जाड आवरण असते. पाणी मिळाले की ते झटकन शोषून घेते आणि मूळ हिरवे दिसते. कोरडे झाले की तेच मूळ चंदेरी-पांढरे होते. मुळाला पाणी हवे तशीच हवाही हवी. सतत ओल्या, दाटलेल्या कुंडीत हवा मिळत नाही. मूळ गुदमरते, मग त्यावर बुरशी आणि जीवाणू येतात. सडलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून कुंडी ओलीचिंब असतानाही पाने तहानल्यासारखी सुरकुततात. पाण्यावाचून वाळलेले झाड आणि पाण्याने सडलेले झाड वरून सारखेच दिसते. म्हणून पाने सैल पडली की आधी तांब्याकडे हात जाऊ देऊ नका, आधी मुळे पाहा.

कुंडीतून काढून तपासा

बाहेरची शोभेची कुंडी उचलली की आत बहुधा प्लॅस्टिकचा पातळ डबा सापडतो. शोभेच्या कुंडीला बरेचदा भोकच नसते आणि तळाशी पाणी साचलेले असते. अर्धे दुखणे इथेच कळते. झाड बोटाने हलवल्यावर डगमगत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर ते बाहेर काढायलाच हवे.

मुळे डब्याला चिकटली असतील तर तो दहा-पंधरा मिनिटे साध्या पाण्यात ठेवा, बाजूने हलकेच दाबा आणि झाड सोडवा. जुने शेवाळ, कुजलेली साल बोटांनी काढून टाका. रोपवाटिकेतून येणाऱ्या झाडाच्या अगदी मध्यभागी, मुळांच्या गाभ्यात, शेवाळाचा घट्ट गोळा दडलेला असतो. सड बहुधा तिथूनच सुरू होते, म्हणून तो सोडू नका.

आता एकेक मूळ चिमटीत धरून दाबा. रंगावर जाऊ नका. अंधारात वाढलेले निरोगी मूळ पिवळसर किंवा तपकिरीही असते. दाबल्यावर टणक लागले तर ते जिवंत आहे. मऊ, पोकळ, ओल्या कागदासारखे लागले किंवा साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर ते मेलेले आहे.

छाटणी

कात्री स्पिरिटने पुसून घ्या किंवा ज्योतीवर धरून गार करा. मात्र दोन्ही एकत्र नको, स्पिरिट लगेच पेट घेते. मेलेला प्रत्येक भाग टणक भागापर्यंत कापा. दया दाखवून सडका तुकडा ठेवला तर सड पुढे सरकते. कापलेल्या टोकांवर स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड अगदी थोडी लावता येते. ती जखम कोरडी करते. पण निरोगी मुळांवर भुरभुरू नका, तीही सुकतील.

मुळे फार थोडी उरली असतील आणि फुलांचा दांडा अजून उभा असेल, तर तोही कापा. मनाला लागते, पण तेवढी शक्ती झाडाला नवी मुळे काढायला हवी असते. यानंतर झाड काही तास सावलीत, वारा लागेल असे ठेवा, म्हणजे जखमा सुकतील.

नवी कुंडी, नवे भरण

कुंडी पानांकडे पाहून निवडायची नाही, उरलेल्या मुळांकडे पाहून निवडायची. बहुतेक वेळा चार इंचांची पुरते. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते आणि पुन्हा तीच कथा होते. कुंडीला तळाशी आणि शक्य तर बाजूलाही भोके हवीत. पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर मुळांचा रंग बाहेरून दिसतो.

बागेतली माती, शेणखत, कोकोपीटचा भुसा यांपैकी काहीही घालू नका. पाइनच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि विटेचे खडे, बोटाच्या पेराएवढे, चालतात. सोडण आधी दोन दिवस पाण्यात भिजवा आणि पाणी बदलत राहा, म्हणजे त्यातला क्षार आणि रंग निघून जाईल. लोबान जाळण्यासाठी आणलेला कोळसा वापरायचा असेल तर साधा लाकडी कोळसाच घ्या. काडी लावताच पेटणाऱ्या गोल वड्यांत रसायन असते. कबाबाच्या शेगडीतला, तेल सांडलेला कोळसाही नको.

मुंबई, रायगड, रत्नागिरीच्या दमट हवेत कोळसा आणि वीट जास्त ठेवा. मराठवाडा, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात थोडे शेवाळ मिसळले तरी चालेल, पण दाबून भरू नका. झाड मधोमध धरून तुकडे सभोवती सोडा आणि कुंडी हलकेच आपटा. पाने जिथून फुटतात तो भाग भरणाच्या वरच राहू द्या. झाड डगमगत असेल तर काडीला सैल बांधा. हलत्या झाडाची कोवळी मुळे घासून मोडतात.

त्यानंतरचे पाणी

पहिले तीन-चार दिवस पाणी नाही. नंतर पाण्याचा वार ठरवू नका, कारण जुलैतला आठवडा आणि मेमधला आठवडा सारखा नसतो. मुळे चंदेरी दिसली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली, की पाणी द्या. सकाळी, भरपूर, तळातून वाहून जाईल इतके. थाळीत साचलेले ओतून टाका. पानांच्या मध्यात पाणी अडकले तर कापसाने टिपून घ्या. हे ऑर्किड एकाच शेंड्याने वाढते. तो शेंडा सडून काळा पडला, तर झाड वाचण्याची आशा फारच थोडी उरते.

घरात पाणी घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्या. आमच्या मते अर्धा इलाज यातच आहे.

पूर्वेची खिडकी उत्तम, दुपारचे थेट ऊन नको. नवे मूळ दिसेपर्यंत खतही नको. नंतर १९:१९:१९ सारखे विरघळणारे खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. मधल्या पाळ्यांत साधे पाणी द्या, म्हणजे साचलेले क्षार धुऊन निघतात.

एकही मूळ उरले नसेल तर

तरीही शेंडा हिरवा आणि टणक असेल तर प्रयत्न करून पाहावा. शेवाळ भिजवून घट्ट पिळा, पारदर्शक बरणीच्या तळाशी ठेवा आणि झाड त्याच्या किंचित वर राहील असे बसवा. बरणी सावलीतल्या उजेडात ठेवा आणि रोज थोडा वेळ उघडा. यात काही महिने जाऊ शकतात आणि यशाची हमी नाही.

किती वाट पाहायची?

सुरकुतलेली जुनी पाने पूर्वीसारखी गुळगुळीत होतीलच असे नाही. त्यांच्यावरून निराश होऊ नका. बुंध्याशी हिरव्या किंवा लालसर टोकाचे नवे मूळ आले, किंवा मध्यातून नवे टणक पान निघाले, तर झाड सावरले असे समजा. फुलांची घाई नको, त्याला वर्ष किंवा अधिकही लागू शकते. या जातीला दांडा काढण्यासाठी काही आठवडे साधारण २५ अंशांखालचा गारवा लागतो. पुणे, नाशिकचा हिवाळा तो सहज देतो. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत कुंडी खिडकीजवळ ठेवावी.

सावरलेल्या झाडाची साल किंवा सोडण दीड-दोन वर्षांनी कुजून भुगा होते. तो बदलत राहिलात तर ही वेळ पुन्हा येणार नाही. फुले सरल्यानंतरचे दिवस त्यासाठी चांगले.

शेवटी एक विनंती. घाटात, रस्त्याच्या कडेला जंगलातून ओरबाडलेली ऑर्किड विकायला ठेवलेली दिसतात. ती घेऊ नका. त्यांतली बरीचशी घरात जगत नाहीत आणि जंगलही उजाड होते. आवडच असेल तर शेजारणीला विचारा, फुले गेलेली एखादी कुंडी तिच्या गॅलरीच्या कोपऱ्यात पडलेली असेल. ती मागून आणा आणि आधी तिची मुळे पाहा.