घरातल्या मोबाइलसाठी कोणता ब्राउझर?

बहुतेक घरांत मोबाइल एक आणि वापरणारे चार. सकाळी मुलांचा अभ्यास, दुपारी अम्मीच्या औषधाची चौकशी, संध्याकाळी बँकेचा व्यवहार. हे सारे ज्या ब्राउझरमधून होते, तो आपण निवडलेलाच नसतो. फोनबरोबर आला, तोच चालू राहतो.

आम्ही ओपन सोर्स ब्राउझर तपासून पाहिले. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा प्रोग्राम कोणीही जाणकार उघडून वाचू शकतो. त्यामुळे आत काही लपवणे अवघड जाते.

क्रोमियम : गूगलने 2008 मध्ये खुला केलेला पाया. क्रोम, एज आणि ब्रेव्ह याच पायावर उभे आहेत. क्रोम स्वतः मात्र पूर्ण खुला नाही. नुसता क्रोमियम विंडोजवर घेतला तर तो आपोआप अपडेट होत नाही, म्हणून घरच्या वापराला सोयीचा नाही.

फायरफॉक्स : 2004 पासून मोझिलाचा. त्याचा पाया क्रोमियमहून वेगळा आहे. तो मराठीतही चालतो. अँड्रॉइडवर युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे जोडसाधन त्यात बसवता येते, पण ते आपल्यालाच बसवावे लागते. मोझिलाचे बरेचसे उत्पन्न गूगल सर्चच्या करारातून येते, हेही माहीत असावे.

ब्रेव्ह : जाहिराती आणि पाळत ठेवणारे ट्रॅकर पहिल्या दिवसापासून अडवतो. काही करावे लागत नाही. त्यातल्या क्रिप्टो बक्षिसांच्या भानगडीत मात्र पडू नये.

आमचा कौल असा : ज्येष्ठांच्या आणि लहानांच्या अँड्रॉइड फोनवर ब्रेव्ह, कारण फसव्या जाहिरातीवर चुकून बोट पडण्याचा धोका कमी होतो. कॉलेजच्या मुलांना आणि संगणकावर फायरफॉक्स. आयफोनवर भारतात सर्वच ब्राउझर अ‍ॅपलच्या वेबकिटवर चालतात, त्यामुळे तिथे फरक कमी जाणवेल.

दोन गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवा. खासगी विंडो फक्त फोनमधली नोंद ठेवत नाही. आपण कोणत्या साइटवर गेलो हे इंटरनेट कंपनीला तरीही कळू शकते. आणि ब्राउझर कितीही चांगला असला, तरी अनोळखी लिंकवर आपणच ओटीपी भरला तर तो वाचवू शकत नाही.