पाइनच्या फळ्या घेण्याआधी एवढं तपासा



स्टॉलसाठी मांडण्या, मसाल्याच्या भेटपेट्या, फोटोफ्रेम असं काही बनवायचं गटात ठरलं की वखारवाला हमखास सुचवतो, "पाइन घ्या, स्वस्त पडतं." सल्ला खोटा नाही. पण हे लाकूड कुठल्या कामाचं आणि कुठल्या कामाचं नाही, हे आधी माहीत नसलं तर गटाचं कर्ज फळ्यांत अडकतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

हे लाकूड कुठलं?

पाइनला सुईसारखी पानं आणि शंकूसारखी फळं येतात. हिमालयातला चीड त्याच कुळातला. त्याच्या राळेपासून टर्पेंटाइन काढतात. आपल्या बाजारात परदेशी पाइनही भरपूर येतं. न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन त्यातलंच. तिथे त्याची पिकासारखी लागवड होते आणि झाड 25 ते 30 वर्षांत तोडणीला येतं.

एक घनफूट वाळलेलं रेडिएटा पाइन साधारण 14 किलो भरतं, सागवान 18 किलोच्या आसपास. म्हणजे पाइनची मांडणी उचलून बाजारात न्यायला सोपी. रंधा पटकन चालतो, करवतीला जोर लागत नाही, रंगही छान बसतो. नव्याने शिकणाऱ्या ताईंसाठी हे लाकूड चांगलं.

कुठे वापरू नये?

पाइनवर नख दाबलं तरी वण उठतो. म्हणून पोळपाट-लाटणं त्याचं करू नका. तिथे शिसम, बाभूळच हवं. शेळ्यांच्या गोठ्याचे खांब, न्हाणीतलं फडताळ, मातीला टेकणारे पाय यांनाही साधं पाइन चालत नाही. ओल लागली की ते कुजतं आणि वाळवी तर वाटच बघत असते. काही फळ्यांत दाबाने औषध भरलेलं असतं, त्यांना बऱ्याचदा हिरवट झाक असते. त्या बाहेरच्या कामाला टिकतात, पण खाण्याच्या वस्तूंजवळ वापरू नका आणि त्यांचे तुकडे चुलीत अजिबात घालू नका. धूर विषारी असतो.

घेताना काय बघायचं?

*ओल:* लाकूड ओलं असेल तर वाळताना रुंदीत आकसतं, फळी वाकते, सांधे उघडे पडतात. वीतभर तुकडा मागून आणा. पापड मोजायच्या काट्यावर वजन करा, सावलीत वाऱ्याला ठेवा आणि आठ दिवस रोज वजन लिहा. वजन उतरतच राहिलं तर ते लाकूड अजून वाळलेलं नाही.

*गाठी:* भोवती काळी कड असलेली गाठ बहुतेक वेळा मेलेली असते, ती पुढे निखळून पडते. घट्ट गाठ चालते, पण तिच्यातली राळ रंगातून वर येते. रंगाआधी गाठीवर लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या.

*टोकं:* फळीच्या टोकाजवळ थेट खिळा ठोकला की ती चिरते. आधी बारीक भोक पाडा, मग स्क्रू बसवा.

पॅलेटचं लाकूड घ्यावं का?

कारखान्यांतून जुनी खोकी आणि पॅलेट स्वस्तात मिळतात, त्यांतही पुष्कळदा पाइन असतं. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीच्या चित्राचा शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एच टी' अक्षरं असतील तर लाकूड आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं आहे. 'एम बी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. आणि 'एच टी' शिक्का म्हणजे लाकूड स्वच्छ, असंही नाही. तो फक्त किडीपुरता असतो. त्या पॅलेटवर आधी काय सांडलं होतं, ते शिक्का सांगत नाही. म्हणून मसाला, पापड, लोणच्याच्या पेट्यांसाठी नवीनच लाकूड घ्या.

हिशोब कसा धरायचा?

समजा, 700 रुपये दराने 10 घनफूट लाकूड आणलं. झाले 7,000 रुपये. रंध्यात, गाठी काढण्यात आणि टोकं कापण्यात 3 घनफूट गेलं. हाती राहिलं 7 घनफूट. म्हणजे खरा दर 700 नाही, 1,000 रुपये पडला. पेटीची किंमत 700 धरून लावली तर प्रत्येक पेटीमागे तोटा होणार, आणि तो दिसणार वर्षअखेरीला. त्यात मजुरी, स्क्रू, पॉलिश आणि गाडीभाडं वेगळं.

त्यामुळे पहिल्यांदाच सगळं कर्ज लाकडात घालू नका. दोन फळ्या आणा, दोन-तीन पेट्या करा, एक पावसाळा घरात ठेवून बघा. सांधे जागच्या जागी राहिले, झाकण नीट बसलं, तरच मोठी खरेदी करा. पुढच्या बैठकीत लाकडाचा विषय असेल तर हे पान सोबत न्या आणि गावातल्या सुतारदादांनाही बोलवा. त्यांच्या हाताला लाकूड आपल्यापेक्षा लवकर कळतं.

– तुमची क्षेत्र समन्वयक